नवव्या ओळीतली जागा

रविवारची सकाळी सहाची लातूर-नांदेड गाडी शिवकन्यानं चार वर्षांत फार तर तीन-चार वेळा चुकवली असेल. चाकूर, अहमदपूर, लोहा करत गाडी साडेनवाच्या सुमाराला नांदेडात शिरायची. एकदा कंडक्टरनं विचारलंच, "मॅडम, नांदेडला माहेर हाय का सासर?"

"शाळा हाय," ती म्हणाली.

"शिकवता तिथं?"

"न्हाई, शिकते."

कंडक्टरनं तिच्या कानावरच्या पांढऱ्या केसांकडं पाहिलं, तिकीट हातावर ठेवलं आणि पुढच्या सीटकडं सरकला.

त्यानं आणखी विचारलं असतं तर सांगणं अवघडच होतं. लातूरच्या कॉलेजात इतिहासाचे तास घेणारी, एक्केचाळीस वर्षांची, चाकूरजवळच्या शिवकीर्तनकाराची लेक दर रविवारी नांदेडच्या इतवारा भागात जाऊन अठराशे वर्षांपूर्वीची ग्रीक पत्रं वाचायला शिकते, हे कुणाला पटणार? आणि पत्रं तरी कुणाची? राजाची नव्हेत. इजिप्तच्या खेड्यापाड्यांतल्या साध्या माणसांची. पाण्यात वाढणाऱ्या लव्हाळ्याच्या पातळ चिरफळ्या, एक थर आडवा, एक उभा, अशा ठोकून बसवायच्या, त्याचा कागद व्हायचा. त्याला पपायरस म्हणतात. त्यावर काजळीच्या शाईनं लिहायचं. मग ते पत्र उकिरड्यावर जायचं, वाळूत गाडलं जायचं आणि किडीनं अर्धं खाल्लेलं, फाटकं, आपल्या काळात वर यायचं.

हे शिकवणारे ताहेर काझी सर. तरुणपणी जुन्या अरबी पपायरसांचा अभ्यास करायला ते जर्मनीला गेले. तिथं एकाच कागदावर वर अरबी आणि खाली ग्रीक असायचं, म्हणून ग्रीकही शिकले. आयुष्यभर परक्या मुलखात पोरांना शिकवून म्हातारपणी नांदेडला परतले. मोडी लिपीच्या एका शिबिरात त्यांचं भाषण ऐकून शिवकन्या त्यांना गाठायला गेली होती. "सर, हे मला येईल का? मी लातूरची आहे."

"सिकंदर लातूरपर्यंत पोचला नाही, हे खरं," सर म्हणाले होते. "तू ये नांदेडपर्यंत. बाकीचं बघू."

पहिलं वर्षभर त्यांनी तिला एक शब्द वाचू दिला नाही. नुसती अक्षरं काढायची. भिंगातून बघायचं आणि जसं दिसतं तसं पेन्सिलीनं उतरवायचं. दोन शब्दांत जागा नसते, विराम नसतो, प्रत्येकाचा हात वेगळा. ती मध्येच अर्थ लावायला गेली की सर टेबलावर बोट आपटायचे. "डोळ्यानं काढ, बेटा. डोक्यानं नको. डोकं लई झूट बोलतं."

मग नियम. नीट दिसलेलं अक्षर साधं लिहायचं. धूसर दिसलं तर त्याच्याखाली ठिपका द्यायचा. फाटून गेलं, पण अमुक असावं असं वाटतं, ते चौकोनी कंसात घालायचं. आणि तेवढंही सांगता येत नसेल तर कंसात नुसते ठिपके. "कंस म्हणजे आपला इमान," सर म्हणायचे. "इथं लिहिणारा नाही, इथं आपण बोलतोय, एवढं कबूल करायचं. ठिपका चुकवलास तर चोरी केलीस समज."

तिसऱ्या वर्षी त्यांचे डोळे गेले. साखरेनं आधी पडदे खाल्ले, मग मूत्रपिंडं. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जावं लागे. समोरचं माणूस त्यांना कडेकडेनं, धुरातून दिसावं तसं दिसायचं. आणि नेमकं तेव्हाच त्यांनी एका पत्राचा फोटो कपाटातून बाहेर काढला. ते पत्र छापण्याची परवानगी त्यांना जर्मनीतल्या एका संग्रहालयानं तरुणपणीच दिली होती आणि इतकी वर्षं त्यांनी ते छापलं नव्हतं. हेरॉन नावाच्या म्हाताऱ्यानं पलटणीत गेलेल्या मुलाला, सेरेनोसला, लिहिलेलं. बावीस ओळी.

"हे तुझ्या हातून करायचं," सर म्हणाले. "मी असेपर्यंत. डोळे तुझे, ग्रीक माझी. दोघांचं नाव लागेल."

शिवकन्याला त्या रात्री जेवण गेलं नाही. तिचं नाव आजवर कशावर छापून आलं नव्हतं.

सरांना ते पत्र तोंडपाठ होतं. खुर्चीत मान मागं टाकून ते ग्रीकमध्ये म्हणायचे, मग मराठीत सांगायचे. हेरॉन आपल्या मुलाला नमस्कार सांगतो. तू बरा असावास ही प्रार्थना. हे तुला पाचवं पत्र, एकाचंही उत्तर आलं नाही. गाढव लंगडतंय. लोकर पाठवली होती ती मिळाली का. आणि नवव्या ओळीत, तुझी आई...

पुढं कागदच नव्हता. म्हणजे होता, पण वरचा थर सोलून गेला होता. पंधरा-सोळा अक्षरांची जागा. त्यानंतर एकदम, तुझी बहीण तुला सलाम सांगते.

तिथं आले की सर थांबायचे. उजवा हात वर जायचा, बोटं जरा उघडी, आणि तसाच हवेत राहायचा.

आता हा हात शिवकन्याच्या ओळखीचा होता. तिचे वडील रेवणसिद्धअप्पा गावोगावच्या शिवनाम सप्ताहात कीर्तन करत. सातव्या वर्षापासून ती त्यांच्या मागं टाळ घेऊन उभी राहिली होती. अप्पा अर्धी ओळ म्हणत आणि हात वर करत. उरलेली अर्धी टाळकऱ्यांनी उचलायची. अप्पांनी तिला एकच गोष्ट मारून-मुटकून शिकवली होती. "बुवाचा हात वर गेला की ओळ तुझी झाली. ती खाली पडली न्हाई पाहिजे. मान्सं बसलीत, देव बसलाय. ओळ पडली की समदं कीर्तन पडलं." पुढं ते इतकं अंगात मुरलं की शिवकन्याला विचारच करावा लागत नसे. हात वर गेला की गळा आपोआप सुटायचा.

दिवाळीनंतरचा एक रविवार. सर डायलिसिसनं थकलेले, आवाज बसलेला. नववी ओळ आली. "तुझी आई," ते म्हणाले, हात वर गेला, आणि या वेळी त्यांचा श्वासही अडकल्यासारखा झाला.

"दिसतंय सर," शिवकन्या बोलून गेली. "इथं तीन अक्षरं दिसून राहिलीत."

"कुठं?"

"सोललेल्या जागेच्या कडेला." आणि तिनं ती सांगितली.

अशा पत्रांत एक वाक्य नेहमी येतं. मी रोज देवापुढं तुझ्यासाठी डोकं टेकते. शेकडो पत्रांत आहे. तिनं सांगितलेली तीन अक्षरं त्या वाक्यात अशी बसली, जणू कुणी कुलपात किल्ली घातली. तुझी आई रोज देवापुढं तुझ्यासाठी डोकं टेकते. बाकीची अक्षरं कंसात गेली, पण तीन उघडी, बिनठिपक्याची राहिली, आणि त्या तिघांच्या खांद्यावर अख्खं वाक्य उभं राहिलं.

सरांनी चष्मा काढून डोळ्यांवर रुमाल धरला. खांदे हलत होते. आतून दिलशादआपा, सरांच्या पत्नी, चहाचे कप घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. "क्या हुआ?"

"अगं, ती आई," सर म्हणाले. "ती दुआ करते गं त्याच्यासाठी. रोज."

शिवकन्याला वाटलं, आपण पुण्याचं काम केलं. परतीच्या गाडीत लोह्यापर्यंत तसंच वाटत होतं. लोहा ओलांडल्यावर तिनं पिशवीतून फोटो काढला आणि भिंग लावून ती कडा पाहिली. काळपट काहीतरी होतं. ते शाईचं असूही शकत होतं. तिनं फोटो परत ठेवला.

लेख लिहून झाला, जर्मनीतल्या नियतकालिकानं स्वीकारला. संपादकांनी खास कळवलं की नवव्या ओळीचं वाचन फार सुंदर आहे. सरांनी संपादकांचं पत्र तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं. आणि फेब्रुवारीत एका बुधवारी, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बसलेली असताना, तिच्या मेलवर संग्रहालयानं छपाईसाठी काढलेला नवा फोटो आला. अवरक्त प्रकाशातला. त्यात कागदाचे डाग विरून जातात आणि काजळीची शाई तेवढी काळीभोर उठून दिसते.

बावीस ओळी दारावरच्या नावाच्या पाटीसारख्या लख्ख दिसत होत्या. नवव्या ओळीत "तुझी आई" लख्ख होतं. त्यापुढं काही नव्हतं. सोललेल्या थराची एक चिरफळी वर उचलली गेली होती आणि तिची सावली खाली पडत होती. जिला ती शाई म्हणाली होती ती ही सावली. या उजेडात ती पुसून गेली होती. एकही अक्षर नाही, अक्षराचा तुकडाही नाही.

तिनं फोटो बंद केला. पुन्हा उघडला. शेजारच्या गणिताच्या बाई म्हणाल्या, "काय झालं हो? कुणी गेलं का?"

संपादकांनी पुढच्या सोमवारपर्यंत मुदत दिली होती. त्यांचं लक्ष त्या जागेकडं जाईल असं नव्हतं. त्यांनी वाचन मान्य केलंच होतं. सरांना तर दिसतच नव्हतं. संध्याकाळी सरांचा फोन आला. "बेटा, नवा फोटो आला म्हणे. नववी ओळ कशी दिसते त्यात?"

"अजून उघडला न्हाई सर."

"बघ बघ. जल्दी नाही. पण बघ."

शुक्रवारी चाकूरजवळच्या एका गावात सप्ताहाची सांगता होती. शेवटचं कीर्तन अप्पांचं, सकाळी दहाला. शिवकन्या रजा टाकून गेली. कीर्तन ऐकलं की मनातला गाळ खाली बसतो हा तिचा अनुभव होता. देवळापुढं मांडव, पुढं बाया, मागं बाप्ये, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, कपाळावर भस्म. अप्पा शहात्तर वर्षांचे, पण उभे राहिले तर अजून मांडव भरल्यासारखा वाटायचा. तिनं टाळ घेतले आणि महांतेशच्या शेजारी उभी राहिली. महांतेश अप्पांचा पुतण्या, टाळकऱ्यांतला मुख्य.

पहिल्यांदा अप्पांचा हात वर गेला, महांतेशनं ओळ उचलली, सगळ्यांनी उचलली. दुसऱ्यांदा गेला. शिवकन्या त्या वेळी जरा पुढं, कडेला होती, म्हणून तिला त्यांचं तोंड दिसलं. अप्पा ओळ सोपवत नव्हते. त्यांचे डोळे समोरच्या माणसांवरून, खांबांवरून, छतावरून फिरत होते, जत्रेत हात सुटलेल्या लेकरासारखे. हात वर गेला होता तो आधार शोधायला. महांतेशनं ओळ उचलली. अप्पांच्या तोंडावर हसू आलं, मान डोलली, आणि ते असे पुढं गेले, जणू काही झालंच नाही. तिसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा तर अख्खं कडवं टाळकऱ्यांनीच म्हटलं. लोक रंगून डोलत होते.

प्रसादाच्या वेळी तिनं महांतेशला बाजूला घेतलं. "अप्पा ओळी विसरून राहिलेत का?"

"लई दिस झाले की अक्का." तो टाळ फडक्यात बांधत होता. "पाच-सहा महिने तरी. आम्ही उचलतो ना. लोकांना कळत न्हाई."

"आन् अप्पांना?"

"त्यांना बी न्हाई."

"दवाखान्यात दाखवलं का न्हाई? मला का न्हाई सांगितलं?"

"काय सांगायचं अक्का?" महांतेशला खरंच कळेना. "कीर्तन तर झाक चाललंय."

पंगतीत अप्पा तिच्या शेजारी बसले. ताटातली हुग्गी, गव्हाची खीर, तिच्या ताटात लोटत म्हणाले, "आज रंगलं का गं?"

"रंगलं अप्पा."

"तुझं तोंड का उतरलंय मग?"

तिनं पत्राचं सांगितलं. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हाताऱ्याला बरं वाटलं ना? मग झालं तर. किती दिस ऱ्हायलेत त्यांचे? कशाला फोडून सांगती? त्याचं पाप लागत न्हाई, पोरी. कुणाचं मन राखलं की महादेव खुश होतो." आणि तेवढ्यात त्यांनी विचारलं, "आज रंगलं का गं?"



रविवारी ती नांदेडला गेली. सर खुर्चीत वाट बघत बसले होते. तिनं पिशवी खाली ठेवली आणि उभ्यानंच सांगितलं. सावली होती. शाई नव्हती. तिथं काही नाही.



"जुन्या फोटोत तुला दिसली होती ती अक्षरं?" सरांनी विचारलं.

दिसल्यासारखी वाटली, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही ठरलं नसतं. "न्हाई सर," ती म्हणाली. "तुमचा हात वर गेला आणि मी म्हणून टाकलं. अक्षरं नंतर शोधली."

"ठिपका दिला असता तरी चाललं असतं."

"हाव सर."

सर जरा सरळ बसले. "बसा," ते म्हणाले. मग आत वळून, "मॅडमसाठी चहा टाक."

चार वर्षांत त्यांनी तिला तू म्हटलं होतं, बेटा म्हटलं होतं, एकदा रागानं गधी म्हटलं होतं. ती बसली. चहा आला, आज बशीत बिस्किटंही होती, पाहुण्याला देतात तशी. सरांनी संपादकांना पत्र सांगितलं, तिनं टाइप केलं. चूक आमची आहे, लेख मागं घेत आहोत, सगळ्या ओळी पुन्हा तपासून पाठवू. "माझं नाव काढून टाका सर," ती मध्येच म्हणाली.

"नाव कसं काढता येईल? मग चूक कुणाची म्हणायची?" आवाज शांत होता. "पुढं घ्या. आपला विश्वासू."

दिलशादआपा तिला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. त्या कधी येत नसत.

"दिल पे नको घेऊ," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुला माहीत नाही. हे जर्मनीत होते तेव्हा यांची अम्मी इथं वारली. परीक्षा होती म्हणून अब्बांनी कळवलंच नाही. चार महिने खतात लिहीत राहिले, अम्मी तुझ्यासाठी रोज दुआ करते. हे तेव्हा याच चिठ्ठीचं काम करत बसले होते. मग घरी आले तर..." त्यांनी ओढणीनं ओठ पुसले. "त्या दिवशी रडले ना, ते यासाठी. या बारीला तरी खरं निघालं म्हणून."



संपादकांचं उत्तर सभ्य होतं. हा अंक गेला. नवं वाचन आलं की पुन्हा दोघा जाणकारांकडं जाईल, पुढच्या वर्षी बघता येईल. पुढच्या वर्षी, हे त्या घरात तिनं वाचून दाखवलं तेव्हा दिलशादआपा उठून आत गेल्या. डायलिसिस आता आठवड्यातून तीनदा झालं होतं.

मधल्या काळात तिनं अप्पांना लातूरच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि बरं होण्याबद्दल काही बोलला नाही. महांतेशनं चार दिवस तिच्याशी बोलणं टाकलं. बातमी गावोगाव गेली आणि सप्ताहांची बोलावणी थांबली. अप्पा ओसरीवर बसून विचारत, "यंदा कुणी बोलावलं न्हाई का?"

संपादकांचं उत्तर वाचून दाखवल्यानंतरच्या रविवारी तिनं नांदेडची गाडी धरली तेव्हा दार पुन्हा उघडेल की नाही याचीच खात्री नव्हती. उघडलं. पण खोलीची मांडणी बदललेली होती. नवा फोटो लावलेल्या संगणकाच्या पडद्यासमोर, तिच्या जागेवर, दिलशादआपा बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी सर, उजवा तळवा त्यांच्या मांडीवर उताणा ठेवून.

"या मॅडम," सर म्हणाले. "तुम्ही तिकडं बसा. लिहून घ्या."

आपा ओशाळं हसल्या. "मला काय कळतंय यातलं? चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. म्हणतात, जे दिसतं तेच काढ."

"तिला ग्रीक येत नाही," सर म्हणाले. "म्हणूनच."

आपा चष्मा नाकावर सरकवून पडद्यावरचं एकेक अक्षर बघायच्या आणि जसं दिसेल तसं सरांच्या तळव्यावर बोटानं काढायच्या. सर तळव्यावरून अक्षर ओळखायचे आणि मोठ्यानं म्हणायचे. शिवकन्या लिहायची. एका रविवारी दोन ओळी होत. कधी दीडच. मध्ये सरांना गुंगी येई, तेव्हा सगळे थांबत. आपांना कुठं कागदाचा दोरा आणि कुठं शाई हे बरोबर कळायचं. पाचव्या ओळीतलं एक अक्षर सरांनी स्वतः तरुणपणी चुकीचं वाचलेलं निघालं. ते ऐकून त्यांनी मान हलवली आणि तिला तेही लिहायला लावलं.

नववी ओळ मे महिन्यात आली. ऊन असं की कूलरचं पाणी तासाभरात आटायचं. आपांचं बोट तळव्यावर फिरलं. सर म्हणत गेले, शिवकन्या लिहीत गेली. तुझी. आई.

आपांचं बोट थांबलं. त्या पडद्याजवळ वाकल्या, मागं झाल्या, पुन्हा वाकल्या. नवऱ्याच्या तोंडाकडं त्यांनी एकदा पाहिलं.

"इथं काही नाही," त्या म्हणाल्या.

"नीट बघ."

"बघितलं. कोरं आहे. धागे तेवढे."

सरांचा तळवा उघडाच राहिला. बोटं किंचित वाकली, कशावर तरी मिटावीत तशी, आणि पुन्हा उलगडली. शिवकन्याच्या गळ्यात वाक्य तयार उभं होतं, अख्खं, आईचं, देवाचं. तिनं दात ओठांवर घट्ट दाबून धरले. कागदावर चौकोनी कंस काढला. त्यात जागा मोजून पंधरा ठिपके दिले. कंस मिटवला.

"झालं का लिहून, मॅडम?" सरांनी विचारलं.

"हाव सर."

"वाचा."

तिनं वाचलं. तुझी आई, म्हणाली, आणि तिथं थांबली. पंधरा ठिपक्यांइतका वेळ ती गप्प राहिली. खोलीत तिघं होती आणि तिघांपैकी कुणी ओळ उचलली नाही. मग ती पुढच्या ओळीवर गेली.